टाळू दुभंगलेल्या बाळाला झोपवायचे कसे, हे घरी पाठवतानाच लिहून द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलेले बाळ प्रसूतिगृहातून घरी निघाले की आईच्या कानावर एक सूचना बहुतेक वेळा पडते : ‘याला उताणे झोपवू नका, दूध श्वासात जाईल.’ कोणी कुशीवर ठेवायला सांगते, कोणी मानेखाली उशी द्यायला, घरातली वडीलधारी माणसे पालथे घालायला. यातले काहीच कागदावर नसते. घरी पोहोचेपर्यंत सूचना तीन तोंडांतून फिरते, आणि रात्री दोन वाजता नाकातून दूध आलेले बाळ मांडीवर घेऊन आईला काय ते एकटीनेच ठरवावे लागते.

ओठ व टाळू दुभंगलेल्या बाळांवर उपचार करणाऱ्या पथकात आम्ही काम करतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. (टाळू म्हणजे इथे तोंडाचे छत, डोक्यावर तेल जिरवतात ती टाळू वेगळी.) ज्या बाळाचा जबडा नीट आहे आणि ज्याला श्वासाचा त्रास नाही, ते टाळू दुभंगलेली असली तरी उताणेच झोपवावे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर त्यात शंकाच नको. ओठाचा श्वासमार्गाशी संबंध नाही. ज्या बाळाचा खालचा जबडा लहान आहे, त्याची गोष्ट मात्र निराळी. त्याला कसे झोपवायचे हा उपचाराचा भाग आहे आणि तो औषधासारखाच तपासून, लिहून दिला गेला पाहिजे. आज या दोन्ही प्रकारच्या बाळांना सरसकट एकच तोंडी सूचना मिळते. त्यामुळे पहिल्या प्रकारची बाळे विनाकारण धोक्यात जातात आणि दुसऱ्या प्रकारची बाळे ओळखलीच जात नाहीत.

दूध श्वासात जाण्याची भीती उगाच आलेली नाही, तेव्हा आधी तिच्याकडे पाहू. टाळू ही नाक आणि तोंड यांच्यामधली भिंत. ती दुभंगलेली असली की चोखताना तोंडात ओढ तयार होत नाही, आणि जे दूध तोंडात येते त्यातले थोडे वर नाकात शिरून नाकपुडीतून बाहेर पडते. आईला दिसते ते हे दूध. पाहून छातीत धस्स होणे साहजिक आहे, पण ते दूध नाकातून आलेले असते, फुप्फुसातून नव्हे. श्वासनलिकेचे तोंड त्याच्या बरेच खाली, घशाच्या तळाशी असते. गिळताना ते मिटते आणि चुकून एखादा थेंब तिकडे वळलाच तर ठसका लागतो. टाळू दुभंगल्याने ही राखण बिघडत नाही. शिंक आली, ठसका लागला, बाळ रडले, तर राखण जागी आहे असे समजावे.

आता उताणे आणि पालथे यांतला फरक पाहा. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्याखाली, पाठीच्या कण्याकडे. पोटातले दूध उलटून वर आले तर ते खालच्या बाजूला, अन्ननलिकेच्या तोंडाशी साचते. श्वासनलिकेत शिरायला त्याला चढ चढावा लागतो. बाळ पालथे केले की क्रम उलटा होतो आणि वर आलेले दूध सरळ श्वासनलिकेच्या तोंडावर ओघळते. म्हणजे ज्या भीतीने बाळ पालथे घातले जाते, तीच गोष्ट पालथेपणी सोपी होते. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या त्यानंतर दोन्ही देशांत निम्म्याहून खाली आली, आणि उताणे झोपल्यामुळे दूध अडकून गुदमरण्याचे प्रमाण वाढले नाही. पालथे झोपलेले बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा ओढते, त्याचे अंग तापते, आणि श्वास कमी पडल्यावर दचकून जागे होण्याची त्याची क्षमता मंदावते. टाळू दुभंगलेल्या बाळालाही हे सगळे तितकेच लागू आहे.

कुशीवर झोपवणे हा अनेकांना मधला, सुरक्षित मार्ग वाटतो. अडचण अशी की लहान बाळ कुशीवर टिकत नाही. पाठीमागे हात-पाय पसरायला जागा असली तर ते उताणे होते, नाहीतर पुढे कलंडून पालथे. कलंडून पालथे झालेल्या, पालथ्याची सवय नसलेल्या बाळाला मान वळवून नाक मोकळे करता येत नाही. म्हणून मग पाठीला गुंडाळलेला टॉवेल लावतात, पोटाशी लोड ठेवतात. रात्रीतून हेच कापड सरकून तोंडावर येते. तपासणी न करता ‘एका अंगावर ठेवा’ एवढेच सांगून बाळाला घरी पाठवणे म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

जाणकारांतही या बाबतीत मतभेद राहिले आहेत, हेही वाचकांना कळायला हवे. ब्रिटनमधल्या क्लेफ्ट (दुभंगलेले ओठ-टाळू) उपचार केंद्रांपैकी काही केंद्रे कुशीवर झोपवायला सांगत, काही उताणे. कारण असे की जबडा साधा असूनही टाळू दुभंगलेल्या काही बाळांचा श्वास झोपेत थोडा अडतो आणि कुशीवर तो मोकळा होण्याची शक्यता असते. म्हणून तिथे मँचेस्टरच्या पुढाकाराने, महिनाभराच्या बाळांमध्ये कुशीची आणि उताणी झोप यांत रक्तातला प्राणवायू कसा राहतो याची तुलना करणारी चाचणी हाती घेतली गेली. तेव्हा तुमच्या बाळाला प्रत्यक्ष तपासून, झोपेतला प्राणवायू मोजून पथकाने कुशीवर ठेवायला सांगितले असेल, तर या पत्रावरून ते बदलू नका. आमचे म्हणणे न तपासता दिलेल्या सूचनेबद्दल आहे.

आता लहान जबड्याची बाळे. या पत्राचे खरे कारण तीच आहेत. खालचा जबडा मागे आणि लहान असला की जिभेला पुढे जागा उरत नाही. ती मागे घशात पडते आणि श्वासाची वाट अडवते. यातल्या बहुतेक बाळांची टाळू इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात रुंद दुभंगलेली असते, ओठ मात्र अखंड असतो. पिएर रोबँ या फ्रेंच दंतवैद्यकतज्ज्ञाने १९२३ साली याचे वर्णन केले, म्हणून कागदपत्रांत ‘पिएर रॉबिन सीक्वेन्स’ असे लिहिलेले दिसेल. उताणे झोपवल्यावर गुरुत्वाकर्षणाने जीभ आणखी मागे जाते. म्हणजे बाकी बाळांना जी स्थिती सर्वांत सुरक्षित, तीच या बाळांना घातक ठरू शकते.

ओठ अखंड असल्यामुळे चेहऱ्याकडे पाहून काही लक्षात येत नाही आणि टाळू तपासायची राहून जाते. बोट फिरवून टाळू तपासणे पुरेसे नाही. मऊ टाळूची मागची फट बोटाला चुकते. जीभ दाबायची पट्टी आणि टॉर्च घेऊन पडजिभेपर्यंत डोळ्यांनी पाहायला हवे. ब्रिटनच्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१४ साली नेमके हेच सांगितले आहे. जबडा पाहायला तर उपकरणही लागत नाही. बाळाचा चेहरा एका बाजूने पाहा. खालची हिरडी वरच्या हिरडीच्या थोडी मागे असणे नवजात बाळात नेहमीचेच, पण हनुवटी जवळजवळ नाहीशी वाटत असेल, खालचा ओठ वरच्या ओठाच्या बराच आत असेल, रडताना जिभेचे टोक वर टाळूच्या फटीकडे जात असेल, तर श्वासाची तपासणी झाल्याशिवाय बाळ घरी जाऊ नये.

एकदा तपासून सगळे ठीक निघाले म्हणजे संपले, असेही नाही. जन्मल्यावर पहिले काही दिवस ठीक श्वास घेणारे बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडू लागते, असे या बाळांत होते. दरम्यान ते घरी गेलेले असते, त्यामुळे घरच्यांनी काय पाहायचे हे त्यांना शिकवलेच पाहिजे. बाळ शांत झोपलेले असताना अंगावरचे झबले वर करून उजेडात पाहा. गळ्याखालचा खळगा, बरगड्यांमधली जागा किंवा बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का? छाती आत आणि पोट बाहेर असे उलटसुलट हलते का? घुर्र किंवा घोरल्यासारखा आवाज येतो का, आणि बाळ कुशीवर किंवा पालथे धरले की तो थांबतो का? थांबत असेल तर जीभ मागे पडते आहे, असे जवळजवळ नक्की धरावे. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची : आवाज बंद झाला म्हणजे बरे वाटले, असे समजू नका. आवाज येतो आहे तोवर थोडी तरी हवा जात असते. छाती जोराने ओढली जाते आहे आणि आवाज मात्र नाही, याचा अर्थ वाट पूर्ण बंद झाली आहे.

श्वास मोजायचा तर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. नवजात बाळाचा श्वास लयीत नसतो, त्यामुळे १५ सेकंद मोजून चौपट केले तर आकडा चुकतो. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास दुसऱ्यांदा मोजूनही आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबून पुन्हा सुरू होणे लहान बाळात चालते; २० सेकंद थांबणे चालत नाही, आणि रंग बदलत असेल तर त्याहून कमी वेळ थांबणेही चालत नाही. रंग पाहायचा तो जिभेवर आणि हिरड्यांवर. तळहात-तळपाय थंडीने निळसर होतात, त्यावरून काही ठरत नाही. सावळ्या बाळाच्या ओठांवरूनही फसायला होते.

वजनही बोलते. अडलेला श्वास ओढण्यात बाळाची शक्ती खर्च होते आणि वजन वाढत नाही. जन्माचे वजन १० ते १४ दिवसांत भरून यायला हवे. त्यानंतर पहिले काही महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. दूध पुरेसे पोटात जाऊनही वजन अडकले असेल तर फक्त दूध वाढवत बसू नका, झोपेतला श्वास तपासून घ्या.

लहान जबड्यामुळे श्वास अडणाऱ्या बाळाला पालथे किंवा कुशीवर ठेवणे हा उपचाराचा पहिला टप्पा असतो, कारण त्यामुळे जबडा आणि जीभ पुढे येतात. पण तो रुग्णालयात, सतत प्राणवायू मोजणारे यंत्र लावून, पाजताना आणि झोपेत दोन्ही वेळा पाहून सुरू करायचा असतो. तेवढ्याने भागले नाही तर नाकातून घशापर्यंत मऊ नळी बसवतात. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे विकसित झालेली, जिभेला मागून पुढे ढकलणारी टाळूची पट्टी वापरतात. काही बाळांचा जबडा शस्त्रक्रियेने हळूहळू लांब करावा लागतो. पालथे झोपण्याचा धोका या बाळांनाही आहेच, फक्त त्यांच्या बाबतीत उताणे झोपण्याचा धोका अधिक मोठा आहे. म्हणून पालथे झोपवण्याची सूचना घेऊन घरी जाणाऱ्या बाळासोबत गजर असलेले, लहान बाळाच्या पायाला लावायच्या पट्टीचे पल्स ऑक्सिमीटर हवे आणि ते वापरायला शिकलेली दोन माणसे हवीत. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाचे चिमटे इथे चालत नाहीत. बाळाच्या बोटावर ते नीट बसत नाहीत आणि चुकीचा आकडा दाखवतात, कधी खोटा धीर देणारा.

पथकाने कुशीवर ठेवायला सांगितले असेल तर ते कसे, हे तुमच्या हातून करून दाखवेपर्यंत निघू नका. अंथरूण सपाटच हवे. खालचा हात अंगाखाली दबू न देता पुढे काढायचा. मान सरळ, हनुवटी छातीपासून सुटी. तोंडासमोर काहीही नको. आधार द्यायचाच असेल तर तो कोणता, कुठे आणि कसा घट्ट बसवायचा हे पथकाने ठरवायचे. घरचा लोड किंवा पंचा नको. कुशीवर किंवा पालथे ठेवायच्या बाळाला दुपट्यात बांधून ठेवू नका. हात अडकले तर ते स्वतःला सोडवू शकत नाही. ही सूचना किती आठवडे पाळायची आणि पुन्हा तपासणी कधी, तेही विचारून घ्या. बाळ आपणहून वळू लागले की सगळेच पुन्हा ठरवावे लागते.

बाकी बाळांसाठी घरातले अंथरूण कसे असावे, याबद्दल आपल्याकडच्या सवयी पाहूनच बोलले पाहिजे. जमिनीवर घडी करून घातलेली गोधडी किंवा पातळ, घट्ट गादी उत्तम. तळहाताने दाबून हात काढला की खड्डा राहता कामा नये. वापरून मधे बसलेली कापसाची गादी नको. उशी नको, डोके गोल व्हावे म्हणून देतात ती राईची उशीही नको. डोके एका बाजूला चपटे होऊ नये यासाठी रोज रात्री बाळाच्या पायांची दिशा बदला, म्हणजे उजेडाकडे किंवा आईकडे पाहताना मान आलटून पालटून वळते. आणि बाळ जागे असताना, समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पोटावर खेळवा. सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटे पोटावर खेळणे व्हायला हवे.

झोळीबद्दल आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे. साडीच्या किंवा कापडी झोळीत बाळाची पाठ गोल होते आणि हनुवटी छातीवर टेकते. नळीला बाक आला की पाणी अडते, तसाच या स्थितीत लहान बाळाचा श्वासमार्ग दबतो. टाळू किंवा जबड्याचा प्रश्न असलेल्या बाळाला झोळीत झोपवू नका. शांत करायला हातावर हलवा, झोप लागली की खाली ठेवा. उतरत्या अंथरुणाचेही तसेच. ‘दूध वर येऊ नये’ म्हणून गादीखाली विटा, डोक्याकडे उशांची चवड, किंवा हल्ली ऑनलाइन मिळणारी कलती खुर्ची, या सगळ्यांत बाळ खाली घसरते आणि मान दुमडते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या सूचनांत अंथरूण सपाटच हवे असे म्हटले आहे, आणि १० अंशांहून जास्त कलत्या शय्यांच्या विक्रीवर त्या देशात त्याच वर्षी कायद्याने बंदी आली. आपल्याकडे त्या राजरोस विकल्या जातात.

बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या गोधडीवर झोपावे. आईच्या अंथरुणात घेऊन पाजायला हरकत नाही. पाजून, ढेकर काढून झाली की परत ठेवावे. घरात कोणी तंबाखू ओढत असेल, दारू पीत असेल किंवा बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर एका अंथरुणात झोपणे टाळाच. शेक-शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल यांचा धूर बाळाच्या खोलीत नको. टाळू दुभंगल्यावर नाकाच्या आतला भाग तसाही दुधाने चुरचुरत असतो, धुराने तो सुजतो आणि नाक बंद होते. डासांसाठी मच्छरदाणी, चारी बाजूंनी ताणून लावलेली. गळ्यातला काळा धागा, ताईत झोपताना काढून ठेवा.

चेहऱ्यावर दुपटे ओढून ठेवण्याची सवय या बाळांच्या बाबतीत जास्त आढळते, आणि तिचे कारण दुःखद आहे. ओठ दुभंगलेला असला की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा नकोत म्हणून, ‘ग्रहणात काय चिरलेस’ हे आईला ऐकावे लागू नये म्हणून, बाळाचा चेहरा झाकला जातो. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. गर्भाचे ओठ आणि टाळू पहिल्या साधारण १२ आठवड्यांत जुळतात, आणि ते न जुळण्यात अनुवंशासह अनेक कारणे एकत्र येतात. आईला दोष देणे थांबवा आणि बाळाचा चेहरा उघडा ठेवा.

झोप सुरक्षित व्हायची सुरुवात पाजण्यापासून होते. आडवे झोपवून पाजू नका, बाटली उशीला टेकवून तर कधीच नाही. बाळाला जवळजवळ बसते धरा, निदान ४५ अंशांत, डोके हाताच्या कोपरावर. पिळता येणारी मऊ बाटली, वाटी-चमचा किंवा बोंडले वापरत असाल तर थोडे थोडे, गालाच्या आतल्या बाजूला, बाळाने गिळल्याचे पाहून मगच पुढचे. टाळू दुभंगलेले बाळ दुधाबरोबर खूप हवा गिळते, त्यामुळे दर पाच-दहा मिनिटांनी थांबून ढेकर काढा. एकदा पाजायला ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर बाळ दमते आणि मिळवलेले तिथेच घालवते. पद्धत बदलायला हवी. पहिला आठवडा उलटल्यावर साधारण किलोमागे रोज १५० मिली दूध लागते. म्हणजे ३ किलोच्या बाळाला दिवसभरात ४५० मिली, आठ वेळा पाजल्यास दर वेळी ५५ ते ६० मिली. एकाच वेळी जास्त भरले की झोपेत उलटते.

पाजल्यावर २० ते ३० मिनिटे बाळाला छातीशी उभे धरा. रात्री हे काम बाबांनी किंवा आजीने घ्यावे. थकलेल्या आईने खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळ घेऊन डुलकी काढणे हे अंथरुणात घेऊन झोपण्यापेक्षाही धोक्याचे आहे. नाकाच्या कडेला सुकलेले दूध ओल्या मऊ कापडाने पुसा. नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे साधे सलाइनचे थेंब, प्रत्येक नाकपुडीत एक किंवा दोन, पाजण्याआधी. नाकात तेल अजिबात सोडू नका. न्हाऊ घालताना नाकात-कानात तेल घालण्याची रीत कुठल्याच बाळासाठी बरी नाही. तेलाने ठसका लागत नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरते आणि तिथे न्यूमोनिया करते. फटीत कापसाचा बोळा घालून दूध अडवण्याचा प्रकारही करू नका.

काही बाळांना शस्त्रक्रियेपूर्वी हिरड्या जुळवून आणणारी प्लास्टिकची पट्टी बसवतात आणि ती झोपेतही ठेवायची असते. तिच्या मध्यभागी ६ ते ८ मिलिमीटरचे भोक असते, पट्टी मागे सरकलीच तरी श्वास चालू राहावा म्हणून. ते स्वच्छ आणि मोकळे आहे ना, आणि गालावरच्या चिकटपट्ट्या घट्ट आहेत ना, हे झोपवण्यापूर्वी रोज पाहा. पट्टी सैल हलत असेल तर ती काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांना दाखवा. ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर पालथे झोपू देऊ नका, टाके अंथरुणावर घासतात. टाळूची शस्त्रक्रिया, जी बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होते, तिच्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सुजेमुळे श्वासाची वाट अचानक अरुंद होते. लाळ आणि रक्त बाहेर वाहावे म्हणून रुग्णालयात तेव्हा बाळाला कुशीवर ठेवतात, पण ते यंत्र लावून आणि परिचारिकेच्या नजरेखाली. घरी गेल्यावर काय, हे निघताना पुन्हा विचारा.

झोपेत बाळाच्या नाका-तोंडातून दूध आले तर त्याला एका कुशीवर वळवा, वाहू द्या, पुसा. तोंडात बोट घालून चाचपडू नका. बाळ खोकते आहे, रडते आहे तोवर ते स्वतः वाट मोकळी करते आहे. आवाजच निघत नसेल आणि रंग बदलत असेल, तर बाळ पालथे हाताच्या पुढच्या भागावर घ्या, डोके अंगापेक्षा खाली, जबड्याला बोटांचा आधार, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा द्या. सुटले नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ दाब, पुन्हा ५ थापा. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ ला फोन लावावा. लहान जबड्याच्या बाळात पालथे घेतल्याबरोबर जीभ पुढे येऊन श्वास सुटू शकतो. सुटला तरी रुग्णालयात न्याच.

हे सगळे आईला एकदा सांगून लक्षात राहणार नाही. म्हणूनच आमची मागणी लेखी नोंदीची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. दुभंगलेले ओठ व टाळू त्याच्या यादीत आहेत आणि पुढच्या तपासणी-उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडू लागणारा श्वास पकडण्यासाठी याहून चांगली व्यवस्था सापडणार नाही. पण काय पाहायचे हे आशाताईंच्या हातातल्या कागदावर नसेल तर त्या वजन करून, ताप पाहून परततील.

सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहाने घरी जाण्याच्या कागदावर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर इतके लिहावे : टाळू टॉर्च व पट्टीने पाहिली का आणि फट कुठपर्यंत आहे, खालचा जबडा कसा आहे, उताणे झोपलेले असताना आणि पाजताना प्राणवायू किती होता, बाळाला कसे झोपवायचे, ती सूचना कोणत्या तारखेला पुन्हा तपासायची, आणि सही. जबडा लहान असेल तर लाल शाईत तसे लिहून, तिसऱ्या आठवड्याच्या आत झोपेतला श्वास तपासायची तारीख द्यावी. आरोग्य विभागाने आशाताईंच्या गृहभेटीच्या नमुन्यात, टाळू दुभंगलेल्या बाळांसाठी, ‘झोपेत छाती आत ओढली जाते का’ आणि ‘बाळ कसे झोपवले जाते’ हे दोन रकाने वाढवावेत. आणि ज्या आई-वडिलांचे बाळ आज घरी आहे, ज्यांना तोंडी सूचनेपलीकडे काही मिळालेले नाही, त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बाळाचा जबडा आणि झोपेतला श्वास याच आठवड्यात तपासून घ्यावा, आणि झोपवण्याची पद्धत कागदावर लिहून मागावी.

आपले,
ओठ व टाळू दुभंगलेल्या बाळांवर उपचार करणाऱ्या पथकातील बालरोगतज्ज्ञ, परिचारिका व वाचा-उपचारतज्ज्ञ